फिकट पाने: एकाच वेलीचे चार तुकडे, चार माध्यमे, पण खत एकच

मूळ लेखन

एकाच मनीप्लांटच्या वेलीचे चार तुकडे कापून मी ते घरात चार निरनिराळ्या माध्यमांत लावले. पहिला माती आणि कंपोस्टच्या मिश्रणात, दुसरा कोकोपीट आणि परलाइटमध्ये (परलाइट म्हणजे फुगवलेले, हलके पांढरे खनिज), तिसरा भाजलेल्या मातीच्या गोळ्यांमध्ये, म्हणजे ज्याला बहुतेक जण लेका म्हणतात त्यात, आणि चौथा काचेच्या बाटलीत नुसत्या पाण्यात. सहा-सात महिने चौघांनीही चांगली वाढ दाखवली. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र चारही वेलींची पाने फिकट पडत चालली आहेत.

बाटली सोडून बाकी तिघांना मी दर पंधरा दिवसांनी नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत देते. पाणी नळाचे असते आणि ते जड आहे, कारण पाणी उकळण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. पाने फिकट दिसू लागल्यावर खत कमी पडत असेल असे समजून मी दोनदा दुप्पट मात्रा दिली. त्याने फरक पडला नाहीच, उलट लेकाच्या वरच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी जमली. यात लोहाची कमतरता आहे, मॅग्नेशियमची आहे की नत्राची, हे कसे ओळखावे? मला उपायापेक्षा निदानाची पद्धत शिकायची आहे, म्हणून सविस्तर लिहिलेत तर फार बरे होईल.

प्रतिसाद १

माझ्याकडेही असेच झाले होते. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवून महिन्यातून दोनदा दिले आणि पुढची पाने हिरवीगार आली. हरितद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमचाच अणू असतो, त्यामुळे पान फिकट पडले की पहिला संशय मॅग्नेशियमवर घ्यावा असे मला वाटते. चारही कुंड्यांना देऊन पाहा, एवढ्या मात्रेने अपाय होत नाही.

प्रतिसाद २

वरील सल्ल्यामागचा सद्भाव मान्य करूनही मी चारही कुंड्यांना एकच औषध देण्याच्या विरोधात आहे. फिकटपणा हे लक्षण आहे, रोग नव्हे. हरितद्रव्यात मॅग्नेशियम असते हे खरे, पण त्याच हरितद्रव्यात नत्राचेही चार अणू असतात, आणि लोह त्या रेणूत नसूनही त्याच्यावाचून हरितद्रव्य तयारच होत नाही. लोहाच्या क्षारांचा हात फिरवला की पिवळे पान पुन्हा हिरवे होते, हे फ्रान्समध्ये ग्रिस यांनी १८४० च्या दशकातच दाखवून दिले होते. तेव्हा केवळ रंगावरून अन्नद्रव्याचे नाव सांगता येत नाही.

पहिला प्रश्न असा विचारावा की फिकट झालेले पान वेलीवर नेमके कुठे आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या आत हलू शकतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून घेते आणि शेंड्याकडे पाठवते, त्यामुळे कमतरतेची खूण आधी तळाच्या पानांवर उमटते. लोह, मंगल (मँगनीज), कॅल्शियम, बोरॉन ही अन्नद्रव्ये एकदा पानात बसली की तिथून फारशी हलत नाहीत, आणि गंधकही सहजासहजी हलत नाही. त्यामुळे जुनी पाने हिरवी राहतात आणि नवी पाने फिकटच उलगडतात.

दुसरा प्रश्न शिरांचा. संपूर्ण पान शिरांसकट एकसारखे फिकट आहे, की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला आहे? जुने पान सरसकट फिकट असेल तर नत्राकडे पाहावे आणि जुन्या पानाच्या शिरांमधला भाग कडेकडून पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियमकडे. नव्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी स्पष्ट दिसत असेल तर लोह, आणि नवे पान सरसकट फिकट असेल तर गंधक, असा अंदाज बांधता येतो. मी मुद्दाम अंदाज म्हणतो आहे, कारण मुळे कुजली असतील तर माध्यमात सर्व काही असूनही झाडाला ते घेता येत नाही आणि पानांवर यांपैकी कोणतेही चित्र उमटू शकते.

कृपया चारही वेलींची पाने दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे धरून पाहा आणि प्रत्येकीचे वेगळे वर्णन लिहा. पिवळ्या दिव्याखाली पाहू नका, त्या उजेडात निरोगी पानसुद्धा आजारी वाटते.

धागाकर्तीचे उत्तर

आज सकाळी तासभर बसून पाहिले. इतके दिवस मी चौघींना मिळून ‘फिकट’ एवढा एकच शब्द वापरत होते याचे मला आता वाईट वाटते आहे, कारण चारही चित्रे खरोखर वेगळी निघाली.

मातीतल्या वेलीची तळाची चार पाने शिरांसकट पिवळी आहेत आणि देठाला हलका धक्का लागला तरी गळतात. शेंडा हिरवा आहे, पण नवे पान येऊन दीड महिना झाला. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसले तर ओल लागते, आणि पाणी घालून आठ दिवस झाले आहेत.

कोकोपीटमधल्या वेलीची मधली आणि खालची पाने कडेने पिवळी आहेत. मधल्या शिरेलगत हिरवा भाग उरला आहे आणि त्याचा आकार देठाकडे रुंद, टोकाकडे निमुळता असा बाणासारखा दिसतो. शेंड्याची पाने चांगली आहेत.

लेकातल्या वेलीचे अगदी उलट आहे. जुनी पाने गडद आहेत आणि शेवटची तीन पाने लिंबासारखी पिवळी. त्यांपैकी सर्वांत नवे पान उजेडासमोर धरले तर हिरव्या शिरांचे जाळे रेखाटल्यासारखे दिसते.

बाटलीतली वेल सगळीच फिकट आहे, नवी पाने एकापेक्षा एक लहान होत गेली आहेत आणि तळाची दोन गळून गेली.

प्रतिसाद ३

कोकोपीटविषयी मी लिहितो, कारण माझी बहुतेक झाडे त्यातच आहेत. आपण वर्णन केलेले बाणासारखे हिरवे चित्र मॅग्नेशियमच्या कमतरतेशी जुळते, आणि कोकोपीटमध्ये ते येण्याला कारण आहे. नारळाच्या काथ्याचा भुसा धनभारित कणांना धरून ठेवतो. ताज्या कोकोपीटमध्ये या जागा मुख्यतः पालाश आणि सोडियमने व्यापलेल्या असतात. आपण पाण्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दिले की कोकोपीट ते स्वतःकडे ओढून घेते आणि बदल्यात पालाश सोडते. म्हणजे मुळांना मॅग्नेशियम कमी आणि पालाश जास्त, अशी दुहेरी अडचण होते, कारण पालाश जास्त झाला की मुळांकडून मॅग्नेशियमचे शोषण आणखी मंदावते. त्यात आपले खत समप्रमाणातले, म्हणजे पालाश भरपूर आणि मॅग्नेशियम बहुधा शून्य. पाकिटावरचा तपशील वाचून पाहा.

आपण मात्रा दुप्पट केलीत तेव्हा याच कारणाने फरक पडला नसावा. कोकोपीटसाठी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही देणारे खत लागते. लावण्यापूर्वी कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून, निथळून घेतले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. आता कुंडी भरलेलीच आहे, तेव्हा आधी भरपूर पाणी ओतून साचलेले क्षार तळातून वाहू द्या आणि मगच मॅग्नेशियम द्या.

प्रतिसाद १ चे लेखक पुन्हा

वरचे वाचून माझी स्वतःची कुंडी आठवली, ती कोकोपीटचीच होती. एप्सम सॉल्टने माझे काम झाले ते या कारणाने. चारही कुंड्यांना देण्याचा सल्ला मी मागे घेतो. विशेषतः लेकाच्या कुंडीत आधीच क्षार साचलेले दिसत असताना त्यात आणखी एक क्षार घालणे चुकीचे ठरले असते.

प्रतिसाद ४

लेकाबद्दल. भाजलेल्या मातीचे गोळे स्वतः अन्नद्रव्य देत नाहीत आणि फारसे धरूनही ठेवत नाहीत, त्यामुळे तळाच्या पाण्यात जे आहे तेवढेच झाडाचे जेवण. मातीत सामूचे (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा अंक) चढउतार सावरण्याची थोडी ताकद असते, लेकात ती जवळपास नसते. जड पाण्यात बायकार्बोनेट असते. कुंडीतले पाणी उडून जाते आणि आपण वरून तसेच पाणी भरत राहतो, म्हणून दर भरणीला बायकार्बोनेट साचत जाते आणि सामू चढत जातो. वरच्या गोळ्यांवरची पांढरी भुकटी म्हणजे गोळ्यांतून वर चढून वाळलेले हेच क्षार आणि आपल्या दुप्पट मात्रेतले उरलेले खत.

आता लोहाकडे या. सामू एका अंकाने वाढला की पाण्यात विरघळलेल्या फेरिक लोहाचे प्रमाण सुमारे हजारपटीने घटते. म्हणजे तळाच्या पाण्यात लोह असले तरी ते गंजासारखे खाली बसलेले असते आणि मुळांच्या हाती लागत नाही. याला लोहाची कमतरता म्हणण्यापेक्षा लोहाची अडवणूक म्हणावे. म्हणून नुसते लोह घालण्याआधी सामू मोजा. साध्या पट्ट्यांनीही अंदाज येतो. मातीविना वाढणाऱ्या बहुतेक झाडांना ५.५ ते ६.५ मानवतो, आणि आपल्याकडे तो साडेसातच्या वर निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रेणूने (चिलेटने) धरून ठेवलेले लोह, घेताना त्यावर कोणते चिलेट आहे ते पाहणे फार महत्त्वाचे आहे. ईडीटीए हे साधारण साडेसहा सामूपर्यंत लोह धरून ठेवते, डीटीपीए साडेसातपर्यंत आणि ईडीडीएचए त्याच्याही पुष्कळ वर. जड पाण्यात ईडीटीए घातले तर त्याची पकड सुटते, लोह खाली बसते आणि आपण मात्र लोह दिल्याच्या समाधानात राहतो. सायट्रिक आम्लाने सामू खाली येतो खरा, पण सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात आणि थोड्याच दिवसांत सामू पुन्हा चढतो. क्षार काढून टाकलेले पाणी निम्मे मिसळणे हा मला अधिक टिकाऊ मार्ग वाटतो.

खात्री करून घेण्याचा एक सोपा प्रयोगही सांगतो. फिकट नव्या पानाच्या मधल्या शिरेच्या एका बाजूलाच चिलेटेड लोहाचे सौम्य द्रावण, लिटरला अर्धा ग्रॅम, कापसाने पुसा आणि दुसरी बाजू कोरडी ठेवा. मनीप्लांटच्या पानावर मेणचट थर असतो, म्हणून द्रावणात साबणाचा एक थेंब टाका. आठ-दहा दिवसांत पुसलेली बाजू हिरवी झाली तर लोहाचा संशय पक्का. हिरवेपणा ठिपक्याठिपक्यांनी येतो, सरसकट नाही, तेव्हा बारकाईने पाहा.

प्रतिसाद २ चे लेखक पुन्हा

मातीच्या कुंडीबद्दल माझे मत वर्णन वाचूनच बनले आहे, पण मुळे पाहिल्याशिवाय ते ठाम मानू नका. तळाची पाने सरसकट पिवळी म्हणजे पुस्तकी नियमाने नत्राची कमतरता. परंतु आठ दिवसांनंतरही दुसऱ्या पेरापर्यंत ओल असलेल्या मातीत आणि दुप्पट खत मिळालेल्या कुंडीत नत्र संपले असेल यावर विश्वास बसत नाही. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात, अन्नद्रव्य ओढण्याचे काम थांबते आणि झाड जुन्या पानांतले नत्र काढून दिवस काढते. बागेतली माती जमिनीत उत्तम असली तरी कुंडीच्या उथळ खोलीत ती दाबली जाते आणि निचरा मंदावतो.

कुंडी आडवी धरून माती सैल करा आणि गड्डा बाहेर काढा. मुळे पांढरी किंवा फिकट बदामी आणि टणक असतील तर मी चुकलो. ती तपकिरी असतील, चिमटीत धरून ओढल्यावर वरचे आवरण मोज्यासारखे निसटून हातात येत असेल आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरत असेल, कुबट वास येत असेल, तर त्या कुंडीला सध्या कोणतेही खत देऊ नका.

प्रतिसाद ५

बाटलीतल्या वेलीचे कोडे सर्वांत सोपे आहे: ती उपाशी आहे. नळाच्या पाण्यात थोडे कॅल्शियम, मॅग्नेशियम असते, पण नत्र, स्फुरद आणि पालाश नगण्य. इतके महिने ती वेल स्वतःच्या साठ्यावर जगली. मात्र आपले हेच खत बाटलीत घालण्यापूर्वी पाकिटावर नत्राचा प्रकार पाहा. समप्रमाणातल्या विद्राव्य खतांत नत्राचा बराचसा भाग अनेकदा युरियाच्या रूपात असतो. मातीतले सूक्ष्मजीव युरियाचे अमोनियम आणि पुढे नायट्रेट करतात, स्वच्छ पाण्याच्या बाटलीत हे काम नीट होत नाही. हीच गोष्ट लेकालाही लागू आहे. पाण्यातल्या झाडांसाठी मुख्यतः नायट्रेटच्या रूपात नत्र असलेले, सूक्ष्म अन्नद्रव्यांसहित खत घ्या, पाकिटावरच्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्याने सुरुवात करा आणि पाणी आठवड्याला पूर्ण बदला. बाटलीला बाहेरून गडद कागद गुंडाळलात तर शेवाळ कमी होईल, शिवाय उजेडाने चिलेटेड लोह विघटित होते तेही टळेल.

प्रतिसाद ६

या निमित्ताने पीट मॉसचाही, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या माध्यमाचाही, उल्लेख व्हावा. माझी पीस लिली पीटच्या मिश्रणात दोन वर्षे होती आणि पाने सगळीच निस्तेज झाली होती. मी पाणी घातले की ते लगेच तळातून बाहेर येई, म्हणून निचरा उत्तम आहे अशा समजात राहिले. एकदा कुंडी उचलली तेव्हा ती कागदाच्या खोक्यासारखी हलकी लागली. पीट एकदा पूर्ण सुकले की पाणी झिडकारते. पाणी कुंडीची भिंत आणि गड्डा यांच्यामधल्या फटीतून वाहून जात होते आणि आतला गाभा कोरडा ठणठणीत होता. कुंडी बादलीत बुडवून ठेवली तेव्हा जवळपास पाऊण तास बुडबुडे येत राहिले. पीट मुळात आम्लधर्मी असते आणि विक्रीपूर्वी त्यात चुना मिसळून सामू वर आणतात. तो चुना काही काळाने संपतो, आणि पाणी मृदू असेल तर सामू घसरतो. म्हणजे लेकात जड पाण्याने जे होते त्याच्या उलट. मी शेवटी मिश्रणच बदलले.

प्रतिसाद ७

कोणीच विचारले नाही म्हणून विचारतो: पानांच्या मागची बाजू पाहिलीत का? पांढरा कागद पानाखाली धरून पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले तर ते लाल कोळी आहेत. त्यांनी रस शोषलेले पान लांबून फिकट दिसते, जवळून पाहिले की सुईच्या टोकाएवढे असंख्य पांढुरके ठिपके दिसतात. अन्नद्रव्याच्या कमतरतेचे चित्र बहुधा शिरांच्या दोन्ही बाजूंना सारखे असते, किडीचे तसे नसते. तसेच खिडकीकडची बाजूच विटलेली असेल तर कडक ऊन हे कारण असू शकते.

धागाकर्तीचे उत्तर, सात आठवड्यांनंतर

सर्वांच्या सूचनांप्रमाणे एकेक गोष्ट केली आणि मुद्दाम थांबून आज लिहिते आहे.

मातीचा गड्डा काढला तेव्हा तळाचा तिसरा हिस्सा चिखल होता आणि मोज्यासारखे निसटणारे आवरण मी पहिल्यांदाच माझ्या बोटांत पाहिले. कुजलेली मुळे कापली, परलाइट आणि झाडाच्या सालीचे तुकडे मिसळलेल्या सैल मिश्रणात वेल पुन्हा लावली आणि खत दिले नाही. पिवळी पाने गळून गेली, ती परत हिरवी होणार नव्हतीच. गेल्या आठवड्यात एक नवे पान आले, लहान आहे, पण हिरवे आहे.

कोकोपीटमधून भरपूर पाणी वाहू दिले. पाणी निथळल्यावर अर्ध्या तासाने थोडे शुद्ध पाणी वरून घालून तळातून निघालेले पाणी मोजले, तर विद्युतवाहकता (पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) ३.४ मिलिसिमन्स प्रति सेंटीमीटर आली. पुन्हा दोनदा धुतल्यावर ती १.६ वर आली. त्यानंतर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेले खत सुरू केले. बाणाचे चित्र जुन्या पानांवर तसेच आहे, पण ते वरच्या पानांकडे सरकायचे थांबले. प्रतिसाद ७ प्रमाणे कागदही धरला, या वेलीवर काही सापडले नाही.

लेकाच्या तळाच्या पाण्याचा सामू पट्टीवर ८ च्या आसपास दिसला. अर्ध्या पानाचा प्रयोग केला आणि नवव्या दिवशी सकाळी पुसलेल्या बाजूवर शिरांच्या मधोमध हिरवे डाग दिसले, दुसरी बाजू पिवळीच होती. त्या पानाकडे मी किती वेळ पाहत बसले ते सांगता येणार नाही. गोळे धुऊन घेतले, निम्मे क्षारविरहित पाणी आणि डीटीपीए चिलेट सुरू केले. त्यानंतर आलेली दोन पाने हिरवी आहेत आणि सामू साडेसहाच्या जवळ राहतो आहे.

बाटलीतली वेल नव्या खतावर तिसऱ्या आठवड्यातच गडद झाली, चौघींमध्ये सर्वांत लवकर. एक शंका मात्र उरली आहे. तिच्या मुळांवर आता तांबूस लेप दिसतो, मुळे टणक आहेत आणि वास नाही. हे खाली बसलेले लोह असेल का, आणि असेल तर बाटलीच्या पाण्याचाही सामू मोजून खाली आणावा का, की मुळे टणक आहेत तोवर तिला तशीच राहू द्यावी?

प्रतिसाद ४ चे लेखक पुन्हा

वास नाही आणि मुळे टणक आहेत, म्हणजे तो लेप लोहाचा असण्याची शक्यता अधिक. आधी सामू मोजा. सातच्या खाली असेल आणि नवी पाने हिरवी येत असतील तर तिला हात लावू नका, फक्त पाणी बदलताना मुळे वाहत्या पाण्याखाली हलकेच धुऊन घ्या. सातच्या वर असेल तर लेकासाठी जे मिश्र पाणी करता तेच बाटलीतही भरा.